बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन घरघरतो, थरथरतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाथरूमच्या पंख्याबद्दल मला जे प्रश्न येतात, त्यांतले निम्मे तरी "आवाज फार येतो हो, बदलूनच टाकू का?" असेच सुरू होतात. बहुतेक वेळा बदलायची गरज नसते. पंखा कशानं आवाज करतोय हे आधी नीट ऐकावं लागतं, कारण प्रत्येक बिघाडाचा आवाज वेगळा असतो. आलेले प्रश्न एकत्र करून, सोप्यापासून अडचणीच्याकडे असे खाली लावले आहेत. एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा दिलेलं नाही. जिथे संबंध येतो तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आवाज सहन होत नाही म्हणून पंखा लावतच नाही. त्यानं काही बिघडतं का?

बिघडतं. आंघोळीची वाफ भिंतीवर आणि छतावर बसते, तिथे आधी काळे ठिपके येतात आणि मग रंगाचे पापुद्रे सुटतात. पावसाळ्यात तर टॉवेलसुद्धा दुसऱ्या दिवसापर्यंत ओलाच राहतो. शेजारच्या एका काकूंनी आवाजाला कंटाळून वर्षभर पंखा बंद ठेवला. शेवटी दाराची चौकट खालून फुगली आणि दार लागेना, तेव्हा त्यांनी मला बोलावलं. पंख्याचं काम अर्ध्या तासाचं निघालं, दाराला मात्र सुताराची मजुरी पडली. विजेची काळजी असेल तर तीही नको. घरगुती सहा इंची पंखा साधारण ३० वॅटचा असतो, म्हणजे ३३ तास चालला तर १ युनिट होतं. आंघोळीनंतर वीस मिनिटं चालू ठेवला तरी पुरतो.

२. आवाजावरून बिघाड ओळखता येतो का?

बराचसा येतो. खडखड येत असेल तर काहीतरी सैल झालंय: जाळी, स्क्रू, झडपा किंवा ज्या पत्र्यात नाहीतर काचेत पंखा बसवलाय ते. घरघर आणि सोबत थरथर असेल तर पात्यांचा तोल गेलाय, आणि बहुतेक वेळा तो मळानं जातो. चालू करताच चीं चीं किंवा किरकिर येते आणि दोन मिनिटांनी कमी होते, तेव्हा बुश, म्हणजे मोटरचा दांडा ज्यात फिरतो ती धातूची छोटी नळी, कोरडा पडलेला असतो. एकसारखी खरखर, जातं फिरावं तशी, हा झिजलेल्या बॉल बेअरिंगचा आवाज (काही मोटरमध्ये बुशऐवजी हे गोळ्यांचं कडं असतं). आणि पातं जागचं न हलता नुसतं "घूंऽऽ" येत असेल तर मोटरला वीज पोचतेय पण तिला फिरता येत नाही (प्रश्न १३).

खात्री करायची असेल तर तीन परीक्षा घ्या. पहिली, पंखा चालू असताना कोरड्या लाकडी काठीनं त्याची चौकट हलकेच दाबून धरा. आवाज थांबला तर दोष बसवण्यात आहे, मोटरमध्ये नाही. दुसरी, वीज बंद करून पातं बोटानं फिरवा. निरोगी पंखा सावकाश मंद होत थांबतो, बिघडलेला अडखळतो किंवा एकदम थांबतो. तिसरी मला सगळ्यात भरवशाची वाटते. पातं पूर्ण काढून ठेवा आणि मोटर नुसती दहा-पंधरा सेकंद चालवा, हात लांब ठेवून. आवाज गेला तर दोष पात्यात, राहिला तर मोटरमध्ये. यापेक्षा जास्त वेळ मात्र चालवू नका, कारण मोटर थंड राहते ती पात्याच्याच वाऱ्यानं.

३. उघडण्याआधी बटण बंद केलं की पुरे ना?

नाही. या पानावरचं बाकी काही नाही वाचलंत तरी चालेल, पण हे वाचा. जुन्या वायरिंगमध्ये बटण कधीकधी फेजऐवजी (वीज आणणारी तार) न्यूट्रलवर (वीज परत नेणारी तार) टाकलेलं असतं. तेव्हा बटण बंद, पंखा थांबलेला, तरी फेज पंख्यापर्यंत आलेला असतो. म्हणून त्या सर्किटचा एमसीबी, म्हणजे मीटरजवळच्या पेटीतला खटका, पाडा. कोणता ते कळत नसेल तर मेन बंद करा आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, म्हणजे मधेच कोणी चालू करणार नाही. टेस्टर आधी (मेन बंद करणार असाल तर ते करण्यापूर्वीच) चालू प्लगमध्ये लावून तो पेटतोय का बघा आणि मगच पंख्याच्या तारांना लावा. बिघडलेला टेस्टर न पेटता "वीज नाही" असंच सांगतो.

फरशी पुसून कोरडी करा, पायात रबरी चप्पल घाला. बादली उलटी करून तिच्यावर उभे राहू नका, शिडी किंवा घोडा वापरा. आणि पंखा बाहेरच्या बाजूनं बसवलेला असेल तर खिडकीतून वाकून हात घालायचा नाही. दुसऱ्या मजल्यावरूनही नाही. तो आतूनच काढता येत नसेल तर माणूस बोलवा.

४. घरच्या घरी करायला कोणती हत्यारं लागतात?

चपटा आणि फुलीचा असे दोन स्क्रूड्रायव्हर, टेस्टर, पक्कड, जुना टूथब्रश, रंगाचा बारीक ब्रश आणि शिलाई मशीनचं तेल. जुनं वर्तमानपत्र अंथरायला. पंखा सोडवण्याआधी तारांचा फोटो मात्र मोबाइलवर काढून ठेवा.

५. पंखा साफ कसा करायचा? मोटरला पाणी लागलं तर?

मोटरला पाणी लागू द्यायचंच नाही, म्हणून पातं आणि जाळी वेगळी काढून धुवायची आणि मोटर कोरडीच पुसायची. पुढची जाळी खटक्यांवर असते किंवा दोन-चार स्क्रूंवर. ती निघाली की मधला नट सोडवून पातं पुढे ओढा (नट निघत नसेल तर प्रश्न ७). पात्यावरचा मळ साधी धूळ नसते. टॉवेलचे तंतू, टाल्कम पावडर आणि साबणाच्या वाफेचा थर एकत्र होऊन त्याचा करडा लगदा बनतो. तो झटकून जात नाही. कोमट पाण्यात कपड्यांची पावडर टाकून अर्धा तास भिजवा आणि मग ब्रशनं काढा. उकळतं पाणी नको, प्लॅस्टिक वाकतं. थिनर आणि ॲसिटोन तर अजिबात नको, त्यानं पात्याला बारीक तडे जातात आणि ते नंतर धावताना फुटतं.

मोटरच्या बाहेरच्या फटींतली धूळ कोरड्या ब्रशनं झाडा. पात्याच्या मागे, जिथे शाफ्ट (मोटरचा फिरणारा दांडा) मोटरमधून बाहेर येतो, तिथे केसांचं आणि तंतूंचं एक कडं गुंडाळलेलं सापडतं. ते चिमट्यानं काढा. बरेचदा सगळा आवाज त्या कड्याचाच असतो. सगळं पूर्ण वाळल्याशिवाय परत लावू नका. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीच्या साफसफाईत, एवढं केलंत तर पुढचे निम्मे प्रश्न तुम्हाला पडणार नाहीत.

६. एवढ्याशा मळानं पंखा एवढा थरथरतो, हे पटत नाही.

हिशोब करून बघा. सहा इंची पंख्याचं पातं मधापासून टोकापर्यंत साधारण ७ सेंटिमीटर. समजा तो मिनिटाला १३५० फेरे घेतोय. एका पात्याच्या टोकाला फक्त १ ग्रॅम मळ जास्त चिकटला, तर फिरताना तो पात्याला बाहेरच्या बाजूला जवळजवळ १४० ग्रॅम वजनाएवढा ओढतो. आणि हा ओढा दर सेकंदाला बावीस वेळा दिशा बदलतो: वर, बाजूला, खाली, परत वर. आपल्याला जाणवते ती थरथर हीच. वेग दुप्पट झाला तर ओढा चौपट होतो, म्हणून वेगवान पंख्यात थोडा मळही जास्त छळतो. मळ सगळ्या पात्यांवर सारखा बसला असता तर इतका त्रास झाला नसता. पण तो कधी सारखा बसत नाही. एखादा तुकडा पडून जातो आणि त्याच दिवशी पंखा अचानक थरथरायला लागतो. "काल बरा होता, आज काय झालं?" असं विचारणाऱ्यांसाठी उत्तर हेच.

७. पात्याचा मधला नट निघतच नाही. जोर लावला तर आणखी घट्ट होतो.

तो उलट्या आट्यांचा असेल. बऱ्याच प्लॅस्टिकच्या पंख्यांत पातं धावताना नट सैल होऊ नये म्हणून आटे उलटे पाडलेले असतात, म्हणजे सोडवताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरवायचा. नटवर किंवा पात्याच्या मध्यावर बाण कोरलेला असतो, तो आधी बघा. पातं एका हातानं मधल्या जाड भागाला धरा. टोकाला धरून जोर लावलात तर पातंच मोडेल. नट गंजलेला असेल तर डब्ल्यूडी-४० (गंज सोडवायचा डब्यातला फवारा) एकदा मारून पंधरा मिनिटं थांबा. काही पंख्यांत नट नसतोच, पातं नुसतं शाफ्टवर दाबून बसवलेलं असतं. ते दोन बाजूंनी सारखा जोर लावून सरळ पुढे ओढायचं, वाकडं नाही.

८. साफ केल्यावर थरथर उलट वाढली. असं कसं?

पातं नीट बसलेलं नाही. शाफ्टची एक बाजू चपटी असते आणि पात्याच्या भोकातही तशीच चपटी बाजू असते. त्या जुळल्या नाहीत तर नट घट्ट होतो पण पातं तिरकं राहतं. परत काढा, चपट्या बाजू जुळवा, तळापर्यंत दाबा आणि मग नट लावा. हातानं फिरवून पात्याची टोकं भोवतालच्या कड्यापासून सगळीकडे सारखी लांब राहतात का ते बघा.

तरीही थरथरत असेल तर पातं उजेडात धरून मध्याजवळ तडा आहे का बघा. असला तर ते पातं गेलं. एम-सील किंवा फेविक्विक लावून जोडलेलं पातं दोन कारणांनी वाईट: चिकटवलेल्या बाजूला वजन वाढतं, आणि जोड सुटला तर तुकडा वेगानं बाहेर येतो. सुटं पातं इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतं. जुनं सोबत घेऊन जा, कारण भोकाचं माप आणि फिरायची दिशा दोन्ही जुळावी लागतात.

९. तेल कुठे घालायचं आणि कोणतं? घरात खोबरेल आहे, ते चालेल?

खोबरेल नको. ते साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं, म्हणजे पुण्या-नाशकाच्या थंडीत सकाळी पंखा जाम. शेंगदाण्याचं किंवा कोणतंही खाद्यतेल काही दिवसांत चिकट होतं आणि त्यावर धूळ बसून लुकण तयार होतं. डब्ल्यूडी-४० गंज सोडवायला उत्तम, पण त्याच्यानं आलेलं वंगण टिकत नाही. फवारल्यावर आवाज गेला म्हणून लोक खूश होतात आणि काही दिवसांनी तो परत येतो, कारण बुशमध्ये उरलंसुरलं तेलही त्यानं धुऊन काढलेलं असतं. वापरायचं ते शिलाई मशीनचं पातळ तेल.

आता कुठे. लहान पंख्यांच्या मोटरमध्ये शाफ्टच्या दोन्ही टोकांना पितळी रंगाचे बुश असतात. हा धातू भुकटी दाबून बनवलेला आणि सच्छिद्र असतो, तेल पिऊन बसतो आणि फिरताना थोडं थोडं सोडतो. बुशभोवती लोकरी नमद्याची एक चकती असते, ती म्हणजे तेलाचा साठा. माझ्या आईच्या शिलाई मशीनच्या कुपीतून अशा एका चकतीवर मी पहिल्यांदा तेल सोडलं, तेव्हाचं अजून डोळ्यांसमोर आहे. चकती वाळून करडी आणि टणक झाली होती. पहिला थेंब वर गोल होऊन तसाच राहिला, मग एकदम आत ओढला गेला आणि नमदा काळा होत फुगत गेला. चकतीनं चार थेंब घेतले. पाचवा वरच राहिला, तेव्हा थांबलो.

तुम्हीही तसंच करा. चकती दिसत असेल तर तिच्यावर थेंब थेंब सोडा आणि पिणं थांबलं की थांबा. मोटर न उघडता चकती दिसत नसेल तर शाफ्ट जिथे बाहेर येतो तिथे दोन थेंब टाका, पंखा हातानं पाच-सात वेळा फिरवा, मग आणखी एक. दोन्ही टोकांना. जास्तीचं तेल पुसून घ्या, नाहीतर ते पात्यावर उडतं आणि नवा मळ धरून बसतं.

१०. तेल घातलं, आठ दिवस शांत, आता परत तेच. आणखी तेल घालू?

आधी शाफ्ट बोटांत धरून वर-खाली हलवून बघा, वीज बंद करून. वर-खाली लटपटत असेल तर बुश झिजून भोक मोठं झालंय. तेल काही दिवस ती पोकळी भरून काढतं, पण झीज भरून येत नाही. पुढे-मागे किंचित, अर्धा-एक मिलिमीटर सरकणं मात्र ठीक आहे. तेवढी जागा मुद्दाम ठेवलेली असते. जास्त सरकत असेल आणि पंखा सुरू होताना "टक" असा आवाज येत असेल तर शाफ्टवरचे फायबरचे वायसर झिजलेत. ते स्वस्त असतात.

बुश बदलणारे कारागीर अजून आहेत, पंखे-मिक्सर दुरुस्त करणाऱ्या छोट्या दुकानांत. पण सहा इंची प्लॅस्टिकच्या पंख्याला मजुरीसकट जो खर्च येतो त्यात नवा पंखा जवळजवळ येतो. मोठ्या लोखंडी पंख्यासाठी करून घ्या, लहानासाठी प्रश्न २१ बघा.

११. आमच्या पंख्यात बॉल बेअरिंग आहे. त्यालाही तेल?

नाही. बंद बेअरिंगमध्ये ग्रीस कारखान्यातच भरलेलं असतं. बाहेरून तेल ओतलंत तर ते ग्रीस पातळ होऊन बाहेर येतं. खरखर सुरू झाली की बेअरिंग बदलायचं, दोन्ही एकदम. कडेला आकडा कोरलेला असतो, दुकानात तोच सांगायचा. उदाहरणार्थ ६२०१ म्हणजे भोक १२ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ३२ आणि जाडी १०. बाथरूमसाठी रबरी सील असलेलं मागा, ओलावा आत जायला वेळ लागतो. शाफ्टवर बसवताना आतल्या कड्यावरच ठोका, त्या मापाचा पाइपाचा तुकडा ठेवून. बाहेरच्या कड्यावर मारलेला हातोडा गोळ्यांवर बसतो आणि नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी खरखरतं.

१२. पंखा काचेच्या पट्ट्यांच्या खिडकीत बसवलाय. पंखा लावला की अख्खी खिडकी वाजते.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, कारण आपल्याकडे जुन्या इमारतींच्या बाथरूमला पंख्यासाठी भोक नसतंच. मग दोन-तीन पट्ट्या काढायच्या, त्या जागी प्लायवूड किंवा ॲक्रिलिकचा तुकडा कापून घालायचा आणि त्यात पंखा, असा आपला रिवाज. तो तुकडा ढोलकीच्या पुडीसारखा काम करतो. पंख्याची थरथर लहान असते, पण पातळ पत्रा तिला मोठी करून ऐकवतो. वर उरलेल्या काचेच्या पट्ट्या आपापल्या खाचेत नाचतात, त्याची भर वेगळी.

उपाय तीन ठिकाणी करायचे. पंख्याची चौकट आणि प्लाय यांच्यामध्ये रबराची पट्टी घाला, दाराला लावतात तशी चिकटणारी फोमची पट्टीही चालेल. स्क्रूखाली रबरी वायसर घाला आणि स्क्रू इतकाच आवळा की रबर थोडं दबेल. पूर्ण चेपलं तर त्याचा उपयोग संपला. दुसरं, तुकडा खिडकीच्या चौकटीत जिथे टेकतो त्या चारही कडांना सिलिकॉन भरा आणि एक दिवस वाळू द्या. ४ मिलिमीटरचा प्लाय असेल तर तो काढून १२ चा घाला, यानं पडणारा फरक लगेच ऐकू येतो. तिसरं, उरलेल्या काचेच्या पट्ट्यांच्या खाचांत सिलिकॉनचा एकेक ठिपका. काचेलाच थेट भोक पाडून पंखा बसवला असेल तर मात्र तो काढा. थरथरीनं भोकाच्या कडेपासून तडा जातो आणि खाली माणसं चालत असतात.

पंखा भिंतीत असेल तर बघायचं ते एवढंच: स्क्रूचे प्लास्टिकचे गट्टे भोकात फिरतायत का. फिरत असतील तर एक माप मोठे गट्टे घाला. किनाऱ्यालगत, मुंबईपासून गोव्यापर्यंत, साधे स्क्रू खाऱ्या हवेत गंजून आपोआप सैल होतात. तिथे स्टेनलेस स्टीलचेच वापरा.

१३. नुसता "घूंऽऽ" करतो. काडीनं ढकललं की फिरायला लागतो.

दोन कारणं. मोटरजवळ एखादी छोटी डबी किंवा नळकांडी दोन तारांनी जोडलेली असेल तर तो कपॅसिटर, दुकानात त्याला कंडेन्सरही म्हणतात. तो कमजोर झाला की मोटरला सुरुवातीचा धक्का मिळत नाही. त्यावर छापलेला मायक्रोफॅरडचा आकडा तोच ठेवून नवा घ्या. व्होल्टचा आकडा तेवढाच किंवा जास्त चालतो. वीज बंद केल्यावरही त्यात थोडा वेळ भार राहतो, तेव्हा उघड्या टोकांना बोट लावू नका.

कपॅसिटर नसेलच, तर तुमची मोटर साध्या जातीची आहे आणि तिचा सुरुवातीचा जोर मुळातच कमी असतो. बुश थोडा जरी आखडला तरी ती उठत नाही. मग प्रश्न ५ आणि ९. रोज काडीनं ढकलून काम भागवू नका. न फिरता वीज खाणारी मोटर तापत राहते.

१४. रेग्युलेटर लावला तर आवाज कमी होईल?

वाऱ्याचा आवाज कमी होईल, मोटरचा गुणगुणाट वाढू शकतो. फिरवायच्या गोल बटणाचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची लहर कापून वेग कमी करतात आणि त्या कापलेल्या लहरीवर लहान मोटर गुणगुणते. शिवाय कमी वेगात ती सुरूच न होण्याचा धोका आहे. माझं मत: बाथरूमच्या पंख्याला रेग्युलेटर नको.

१५. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर मोठ्यानं गुणगुणतो, एरवी ठीक असतो. पंखा बिघडलाय का?

पंखा ठीक आहे. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर मोटरच्या आतले पत्रे सेकंदाला १०० वेळा किंचित थरथरतात, म्हणून बारीक गुणगुण प्रत्येक पंख्याला असतेच. स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी लहर देतात आणि तिच्यात ही गुणगुण वाढते. साइन वेव्ह इन्व्हर्टरवर, म्हणजे घरच्या विजेसारखी गोलसर लहर देणाऱ्यावर, वाढत नाही. गावाकडे जिथे तासन्‌तास लाइट जाते तिथे हा पंखा इन्व्हर्टरच्या जोडणीतून काढूनच टाकलेला बरा, मोटर कमी तापेल.

१६. पंखा बंद असतो तेव्हा मागच्या झडपा रात्रभर आपटतात. पावसाळ्यात झोप लागत नाही.

पश्चिमेकडे तोंड असलेल्या बाथरूममध्ये जून ते सप्टेंबर हेच चालतं. झडपा नुसत्या वजनावर मिटतात, वारा त्यांना उचलतो आणि सोडतो. आधी झडपांच्या खुंट्या साफ करा. मळानं एखादी अर्धवट अडकते आणि तीच जास्त वाजते. मग प्रत्येक झडप जिथे टेकते त्या कडेला पातळ फोमची पट्टी लावा. झडप जड करायला तिच्यावर नट-बोल्ट चिकटवू नका, मग पंख्याला ती उघडता येत नाही आणि हवा आतच घुटमळते. वारा सरळ पंख्यावर येत असेल तर बाहेरून खाली वळलेलं पत्र्याचं टोपरं बसवून घेणं हा पक्का इलाज, पण ते काम बाहेरचं आहे, तेव्हा प्रश्न ३ विसरू नका.

१७. पंख्याच्या मागे कबुतरानं घरटं केलंय. काढू का?

अंडी किंवा पिल्लं असतील तर थांबा. पंखा बंद ठेवा, बटणावर चिकटपट्टी लावा. अंडी साधारण अठरा दिवसांत उबतात आणि पिल्लं पुढे महिनाभरात उडतात. तेवढे दिवस खिडकी उघडून भागवा. घरटं रिकामं असेल तर काढा, पण कोरडं झाडू नका. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासावाटे गेली की काहींच्या फुप्फुसांना कायमची इजा होते. आधी पाणी फवारून ओलं करा, तोंडाला घट्ट मास्क, हातात मोजे, आणि घरात दम्याचं कोणी असेल तर त्यांना दुसऱ्या खोलीत बसवा. नंतर बाहेरून बारीक जाळी लावून घ्या. जाळी पंख्यापासून दोन-तीन इंच लांब असू द्या, अगदी चिकटून लावली तर वारा तिच्यातून शिटी वाजवत जातो.

१८. दार उघडं असताना पंखा शांत, दार लावलं की घोंगावतो. कारण?

त्याला आत घ्यायला हवा मिळत नाही. जेवढी हवा बाहेर फेकायची तेवढी कुठूनतरी आत यावी लागते. दाराखाली एक-दोन सेंटिमीटर फट ठेवा किंवा दाराच्या खालच्या भागात जाळी बसवून घ्या.

इथे एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर हा प्रश्न आवाजाचा उरत नाही. बंद बाथरूममध्ये गॅस जळताना प्राणवायू कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि माणूस दार ठोठावायच्या आत बेशुद्ध पडतो. दरवर्षी हिवाळ्यात अशा बातम्या येतात. पंखा चालू ठेवला म्हणजे धोका टळला असं समजू नका. फट नसेल तर पंखा जळलेला वायू बाहेर जाऊ देण्याऐवजी गिझरकडून खोलीतच ओढू शकतो. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेतच हवा. आज आत असेल तर पंख्याच्या आधी ते काम करा.

१९. भिंतीतला पंखा आम्ही फॉल्स सीलिंगमध्ये लावला. सहा महिन्यांतच घरघर सुरू झाली.

बुशवाले बरेच पंखे आडव्या शाफ्टसाठी बनवलेले असतात. छतात लावला की शाफ्ट उभा होतो, फिरणाऱ्या भागाचं सगळं वजन एका वायसरवर येतं आणि वरच्या बुशमधलं तेल खाली उतरतं. तेल घालून तात्पुरतं बरं वाटेल. कायमचा उपाय म्हणजे छतासाठीच बनवलेला किंवा बॉल बेअरिंगचा पंखा. तो जिप्समच्या पाटीवर नुसता स्क्रूनं धरू नका. वरच्या स्लॅबपासून सळीनं टांगा, म्हणजे पाटी वाजणार नाही. आणि हवा सीलिंगच्या पोकळीत न सोडता पाइपानं बाहेर न्या, नाहीतर वाफ वरच साठते आणि प्लास्टर काळं पडतं.

२०. पंखा एकदम बंद पडला. मिस्त्री म्हणतो आतला फ्यूज उडालाय, थेट जोडून देतो. देऊ का?

देऊ नका. मोटरच्या वाइंडिंगमध्ये (आतल्या तारेच्या गुंडाळीत) एक लहान थर्मल फ्यूज गुंडाळलेला असतो. मोटर जाम होऊन फार तापली की तो एकदाच उडतो आणि वीज तोडतो. तो वगळून जोडलेला पंखा चालेल, पण पुढच्या वेळी जाम झाला की त्याला थांबवणारं काही उरणार नाही, आणि पात्यावर साठलेले ते तंतू चांगले पेट घेतात. त्याच अंशांचा नवा फ्यूज टाकून आणि मोटर कशानं तापली ते शोधून काम करणारा मिस्त्री असेल तरच दुरुस्त करा. जळका वास आलेल्या पंख्यालाही हेच लागू.

२१. मग नवा कधी घ्यावा, आणि कोणता?

पातं काढूनही मोटर खरखरते आणि शाफ्ट वर-खाली लटपटतो, किंवा वाइंडिंग जळलंय, तर लहान पंखा बदला. वॉरंटी कार्ड आधी शोधा. मुदतीत असेल तर मोटर उघडू नका, साफसफाईला हरकत नसते. भाड्याच्या घरात असाल तर मालकांना आधी फोन करा, जुना पंखा जपून ठेवा.

मापाचं गणित सोपं आहे. ५ बाय ७ फुटांचं, ८ फूट उंचीचं बाथरूम म्हणजे २८० घनफूट, साधारण ८ घनमीटर. तासाला दहा वेळा हवा बदलायची तर ८० घनमीटर लागतात. खोक्यावर हा आकडा छापलेला असतो. गरजेपेक्षा फार मोठा पंखा घेतलात तर विनाकारण वाऱ्याचा आवाज विकत घेतलात. बुशचा पंखा नवा असताना जास्त शांत असतो, बॉल बेअरिंगचा जास्त टिकतो. झोपायच्या खोलीला लागून बाथरूम असेल तर मी बुशचा घेईन आणि वेळच्या वेळी तेल घालीन.

२२. नवाकोरा पंखा बसवला, पहिल्याच दिवशी खर्र खर्र. बदलून मागू?

दुकानात जाण्याआधी दहा मिनिटं द्या. वाहतुकीत पातं हलू नये म्हणून मागे फोमचा तुकडा किंवा चिकटपट्टी लावलेली असते, ती राहिली नाही ना बघा. मग भोक. भोक लहान असेल तर मिस्त्री पंखा ठोकून बसवतो, किंवा भिंत सपाट नसताना चारही स्क्रू ताकदीनं आवळतो. प्लॅस्टिकचं कडं त्यानं किंचित लंबगोल होतं आणि पातं एका जागी घासतं. वीज बंद करून चारही स्क्रू अर्धा-अर्धा फेरा सैल करा आणि पातं हातानं फिरवा. घासणं थांबलं असेल तर भिंतीत जिथे फट दिसते तिथे रबराची पट्टी सरकवा आणि स्क्रू समोरासमोरच्या जोडीनं, थोडे थोडे, परत आवळा. प्रत्येक वेळी आवळल्यावर पातं एकदा हातानं फिरवून बघा.